जिप्सीचं पेट्रोल इंजिन काढू नका: फिरत्या मेसेजला उत्तर

फोर बाय फोरवाल्यांच्या ग्रुपवर गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत सात जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी "दादा, करून टाकू का?" असं विचारत. मेसेज थोडक्यात असा: मारुतीची जुनी जिप्सी पेट्रोल पिते, तिच्यात स्विफ्टचं 1.3 डिझेल इंजिन टाका. टॉर्क दुप्पट, कुठलाही चढ चढेल. इंजिन बोल्टवर बसतं, चार दिवसांचं काम. ॲव्हरेज 20, पैसे दोन वर्षांत वसूल. पाण्यात बंद पडणार नाही. आरटीओत फक्त इंजिन नंबर बदलून घ्यायचा. आणि शेवटी, "आपल्या आजोबांनी विलीज जीपमध्ये डिझेल टाकलंच होतं ना?"

माझ्याकडे वीस वर्षं जिप्सी आहे. एका मित्राच्या जिप्सीत हेच इंजिन बसताना मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत गॅरेजमध्ये हजर होतो. म्हणून त्या दोघांना फोनवर सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहितो.

टॉर्कपासून, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरापासून सुरुवात करू, कारण मेसेजमधला सगळ्यात खरा मुद्दा तोच आहे. 2000 सालापासूनच्या एमपीएफआय (इंजेक्शनने पेट्रोल घेणाऱ्या) जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन 103 न्यूटन मीटर टॉर्क देतं, तोही 4500 आरपीएमला. स्विफ्टचं 1248 सीसीचं डिझेल 190 देतं, 2000 आरपीएमला. हे मान्य. पण हा 190 चा आकडा टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या जिवावर आहे. दगडावर चाक टेकवून वीतवीत पुढे सरकायचं असतं तेव्हा इंजिन हजार-दीड हजारावर फिरत असतं, आणि तिथे या इंजिनाचा टर्बो झोपलेला असतो. ड्रायव्हर रेस वाढवतो, काही होत नाही, आणखी वाढवतो, आणि मग सगळा टॉर्क एकदम चाकावर येतो. चाक जागच्या जागी फिरतं किंवा गाडी उडी मारते. डिझेलवाली जिप्सी हायवेला छान पळते हे मी स्वतः चालवून पाहिलंय. अवघड जागी मात्र तिच्यात बसून माझे हात घामाने भिजले होते.

शिवाय तो टॉर्क जातो कुठून? गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी), प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि मागचे ॲक्सल. हे सगळं शंभरेक न्यूटन मीटरच्या इंजिनासाठी बनलेलं आहे. ट्रान्सफर केस लोमध्ये, म्हणजे हळू पण जास्त जोराच्या गिअरमध्ये टाकून, चाक अडकलेलं असताना एकदम दुप्पट जोर दिला की यातलं जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटतं. मित्राचा मागचा क्रॉस पहिल्याच पावसाळ्यात दोनदा गेला.

आता वजन. याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, आणि माझ्या मते सगळं इथेच आहे. सॉफ्ट टॉप जिप्सी हजार किलोच्या आसपास भरते. 1985 साली आली तेव्हा तिचं इंजिन होतं 970 सीसीचं, 45 बीएचपीचं. एवढ्याशा ताकदीवर ती लष्करात गेली आणि लडाखपर्यंत चालली ती या हलकेपणामुळेच. नंतरच्या 1.3 पेट्रोल इंजिनाचा तर ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आहे. त्या जागी कास्ट आयर्न ब्लॉकचं डिझेल येतं. सोबत टर्बो, इंटरकूलर, मोठी बॅटरी आणि जोडकामाची जाड लोखंडी प्लेट. हे सगळं ओझं पुढच्या पाट्यांवर.

वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला जुलैत गेलो होतो. भातखाचरांच्या कडेचा लाल चिखल. माझी पेट्रोल जिप्सी वरच्या वर सरकत निघून गेली. मागून मित्राची आली, तिचं पुढचं चाक साय फोडावी तसं वरचा थर फोडून खाली गेलं आणि बंपर चिखलाला टेकला. टायर दोघांचे सारखे, हवाही सारखीच उतरवलेली. टोचन लावून काढायला पाऊण तास गेला. टॉर्क तिथे होताच, पण चिखलावर गाडी तरते ती वजनाच्या हिशेबाने.

"इंजिन बोल्टवर बसतं, चार दिवसांचं काम." मित्राच्या गाडीला चार महिने लागले, आणि मिस्त्री कामाचा माणूस होता. स्विफ्टमध्ये हे इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. जिप्सीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. दोन्हींचं बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळत नाही, म्हणून मध्ये लेथवर प्लेट बनवावी लागते. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य केसाइतका जरी हुकला तरी क्लच आणि बेअरिंग खात राहतात, आणि कारण सापडत नाही. मग माउंटिंग कापून नवीन वेल्ड करायची. इंजिनाचा सम्प (तळाची ऑइलची टाकी) पुढच्या ॲक्सलच्या वर येतो, पाटे पूर्ण दबले की ॲक्सल सम्पला आपटतो. त्यासाठी सम्प कापा किंवा गाडी उचला. रेडिएटर बदला. टाकीपासून डिझेलची जाणारी आणि परत येणारी अशा दोन लाइन टाका. स्विफ्टचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), इमोबिलायझर, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर आणि अख्खं वायरिंग काढून आणा. एक सेन्सर रुसला की चेक लाइट लागते आणि इंजिन जोर धरायचं सोडतं, मग ते घाटात असो की अंगणात.

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, छोट्या शाफ्टने जोडलेला आहे, म्हणून हे काम निदान शक्य होतं. पण त्याच ट्रान्सफर केसची दुसरी बाजूही पाहा: तो हायमध्येसुद्धा, म्हणजे रस्त्यावरच्या नेहमीच्या गिअरमध्येही, सरळ एकास एक नाही, तिथेही वेग घटवतो. साडेसहा हजारांपर्यंत फिरणाऱ्या पेट्रोलला ते चालतं. चार-साडेचार हजारांवर संपणाऱ्या डिझेलचे गिअर मात्र भराभर संपतात. मोठे टायर लावून लोक ते भरून काढतात, आणि वजन आणखी वाढतं.

आणि ब्रेक. हा परिच्छेद तरी कृपा करून कुणी गाळू नका. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्युम तयार होतो, पॅडलला जोर देणारा ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तसा व्हॅक्युम नसतो. त्यासाठी इंजिनावर वेगळा व्हॅक्युम पंप असतो आणि त्याची नळी बूस्टरला नीट जोडावी लागते. मित्राच्या गाडीत ती नळी जुन्या क्लिपवर अर्धवट बसवली होती. गॅरेजच्या आवारात दोन-तीनदा ब्रेक लागला, तिसऱ्या-चौथ्या वेळी पॅडल दगडासारखं झालं आणि गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. तेव्हा वेग होता दहाचा. ताम्हिणी घाटाच्या उतारावर असं झालं असतं तर काय, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. मेसेज लिहिणाऱ्याला ब्रेकबद्दल एक ओळ लिहावीशी वाटली नाही, याचा मला खरोखर राग आहे.

कुणीतरी मला स्पेनचं उदाहरण दिलं. ते खरं आहे. लिनारेसच्या सांताना कारखान्यात सुझुकी सामुराई, म्हणजे जिप्सीची सख्खी बहीण, प्यूजोच्या 1.9 डिझेल इंजिनासह बनत होती. पण ती कारखान्याने बनवली. इंजिनाला साजेसं बाकी सगळं ठरवून, चाचण्या करून आणि सरकारी मान्यता घेऊन विकली. गल्लीतल्या गॅरेजमध्ये त्यातलं इंजिन तेवढं उचलता येतं, बाकीचं नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे. छंदाची जिप्सी वर्षाला फार तर 6000 किलोमीटर चालते. लिटरला 10 धरलं तर 600 लिटर पेट्रोल, 104 रुपयांनी 62,400. डिझेलवर मेसेजवाल्याचं 20 चं ॲव्हरेज जसंच्या तसं मान्य केलं तरी 300 लिटर, 90 रुपयांनी 27,000. वर्षाला वाचले 35,400. मित्राचा खर्च तीन लाखांच्या घरात गेला. म्हणजे वसुलीला साडेआठ वर्षं. प्रत्यक्षात त्याला 15 मिळतात, त्या हिशेबाने 26,400 वाचतात आणि अकरा वर्षांच्या वर जातात. यात टर्बो, इंजेक्टर आणि ते दोन क्रॉस धरलेले नाहीत. इंजिन अपघातातल्या गाडीचं, ते किती फिरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्याच बंद केल्या. सुटे भाग आज मिळतात, कारण हे इंजिन कितीतरी गाड्यांत होतं, पण "जिप्सीचे पार्ट मिळत नाहीत म्हणून डिझेल टाका" या म्हणण्याला आता आधार उरलेला नाही.

पाण्याचं म्हणणं अर्धं खरं. डिझेलला स्पार्क प्लग नाही, त्यामुळे जुनी मेकॅनिकल पंपाची इंजिनं ओढ्यात बंद पडत नसत. स्विफ्टचं हे कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं) इंजिन मात्र ईसीयू आणि सेन्सरवर जगतं. शिवाय हवेच्या नळीतून पाणी आत गेलं तर डिझेलच्या जबर कॉम्प्रेशनमुळे कनेक्टिंग रॉड वाकायला वेळ लागत नाही. ओढे ओलांडायचे असतील तर स्नॉर्कल (हवा उंचावरून घेणारी नळी) बसवा, इंजिन कुठलंही असो.

आता आजोबा आणि आरटीओ एकत्र घेतो, कारण दोन्हींचं उत्तर एकच आहे. हो, विलीजच्या हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल बसवलेल्या जीपगाड्या गावोगाव होत्या. 1973 नंतर पेट्रोल महागलं, शेतावरच्या माणसाला ते परवडेना, आणि ज्याची जीप रोज राबत होती त्याच्यासाठी तो हिशेब बरोबरही होता. महिंद्राने स्वतःच डिझेल जीप विकल्या. त्या काळी आरटीओची मंजुरी घेऊन असा बदल आरसी बुकावर चढवता येत असे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मुळात तसंच होतं. 2000 साली ते बदललं. आता आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सीएनजीसारख्या इंधनाच्या मान्यताप्राप्त किटला सवलत आहे, पण त्यात इंजिन तेच राहतं. जानेवारी 2019 मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

इंजिन खराब झालं म्हणून त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं दुसरं इंजिन बसवून नंबर नोंदवणं ही वेगळी गोष्ट. "फक्त नंबर बदलायचा" म्हणणारा एजंट तुम्हाला तीच वाट दाखवतो, आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलच राहतं. मग पीयूसीच्या मशीनवर गाडी नंबर टाकला की पेट्रोल येतं, समोर धूर डिझेलचा. अपघात झाला तर पॉलिसीवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी, म्हणजे दावा अडवायला विमा कंपनीला आयतं कारण. बहुतेक जिप्सींची पंधरा वर्षं झालीत, म्हणजे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. अठरा-वीस वर्षांची मुलं साठवलेल्या पैशांतून अशी गाडी घेतात आणि पहिल्याच पासिंगला अडकतात. त्यांचे फोन मला येतात, आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार थोडं असतं.

फक्त स्पर्धेसाठी, ट्रकवर टाकून खासगी मैदानावर न्यायची गाडी असेल तर हवं ते इंजिन टाका, माझी हरकत नाही.

रस्त्यावरच्या जिप्सीसाठी मात्र आधी हे करा. ती लिटरला 7 देत असेल तर जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवून बघा, ब्रेक घासत असतात. कॉम्प्रेशन तपासा. गेलेलं असेल तर इंजिन नीट बांधून घ्या, बोअरिंग चांगल्या लेथवाल्याकडून करा. अवघड जागी जोर हवा असेल तर तो ट्रान्सफर केसमध्ये शोधा. लोचं प्रमाण वाढवणारे गिअर सेट सामुराईसाठी जगभर बनतात, आणि त्याने इंजिनाला हात न लावता गाडी रांगायला लागते.

ज्यांनी आधीच डिझेल टाकलंय, त्यांना एकच विनंती. मूळ इंजिन भंगारात देऊ नका. मित्राने ते गोणपाटात गुंडाळून गावच्या गोठ्यात ठेवलं होतं, सिलिंडरमध्ये ऑइल ओतून. गेल्या मार्चमध्ये पासिंग जवळ आलं तेव्हा ते काढलं, रिंगा आणि सील बदलले, आणि जुन्या माउंटिंगच्या खुणा शोधून परत बसवलं. तपासणीला निरीक्षकांनी ब्लॉकवरचा नंबर फडक्याने पुसला, कागद ठेवून पेन्सिल घासली आणि आरसीशी एकेक आकडा जुळवून पाहिला. सगळे जुळले. मित्र तिथून निघाला तो थेट केळदच्या रस्त्याला लागला.