चकलीला ३२ लागतात

आमच्या घरात हीटर कधीच नव्हता. थंडी वाजली तर स्वेटर घाल, स्वेटर घालूनही वाजली तर अजून एक घाल, आणि तरी वाजत असेल तर बसून काय राहिलीयस, उठून काहीतरी काम कर, असं आमचं तीन पायऱ्यांचं धोरण आहे, ते बाबांच्या लहानपणी शनिवार पेठेत ठरलं आणि कोथरूडच्या फ्लॅटमधे जसंच्या तसं शिफ्ट झालं. या घरात गेल्या नोव्हेंबरपासून एक जण चोवीस तास ३२ डिग्रीत पसरलेली असते आणि तिला कुणी स्वेटरबद्दल एक शब्द बोलत नाही.

तिचं नाव चकली. जात बॉल पायथन, म्हणजे साप, वय आठ महिने, लांबी दीड हात असावी पण नक्की सांगता येत नाही कारण ती सरळ कधी होतच नाही, कायम वेटोळं, मधे डोकं. नाव मावसभावाने ठेवलं. तो मास्टर्स करायला जर्मनीला गेला आणि जाताना म्हणाला, तायडे, फक्त थोडे दिवस सांभाळ, काही करावं लागत नाही, भुंकत नाही, केस गळत नाहीत, दहा दिवसांतून एकदा जेवते. ज्या प्राण्याचं 'काही करावं लागत नाही' त्याचं सगळं करावं लागतं हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सोसायटीत पहिली बातमी अर्थातच 'त्यांनी अजगर आणलाय' अशी गेली. सेक्रेटरी काका वर आले, दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं अजगर पाळणं गुन्हा आहे, आणि ते अर्धं बरोबर होतं, आपला देशी अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मधे आहे, तो घरात ठेवला तर मीच पिंजऱ्यात जाईन. पण ही बाई पश्चिम आफ्रिकेकडची, घाना-टोगो-बेनिन साइडची, आणि अशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती केलेली आहे, मालकाचं नाव बदलायचा अर्जही झालाय. बाबांनी कागद लॅमिनेट करून आणला होता तो दाखवला. लॅमिनेशन बघून काका गार झाले. पुण्यात माणूस कायद्यापेक्षा लॅमिनेशनला जास्त मानतो असं माझं मत आहे.

आता मुद्दा. सापाला स्वतःची ऊब नसते. आपण वरणभात खातो आणि आतल्या आत भट्टी चालू राहते, सापाचं तसं नाही, त्याला बाहेरून गरमी मिळाली तरच पचन चालतं, नाहीतर खाल्लेलं पोटात तसंच राहून सडतं आणि तो ते उलटून टाकतो. म्हणून त्याच्या घरात एक बाजू गरम लागते, ३१-३२, आणि दुसरी थंड, २५-२६, म्हणजे त्याला हवं तसं तो इकडून तिकडे सरकतो. दोन्ही बाजूंना लपायला एकेक गुहा, कारण एकच दिली तर तो गरमी आणि लपणं यातलं लपणं निवडतो आणि कुडकुडत बसतो. हवेत ओल ६० टक्क्यांच्या आसपास. हे मी आता असं सांगते जसं काही मला आधीपासून माहिती होतं. प्रत्यक्षात चकली आली तेव्हा ती भावाच्या जुन्या फिश टॅंकमधे होती, वर जाळीचं झाकण, खाली हीट मॅट, आणि मॅटचा कंट्रोलर शिफ्टिंगमधे तुटलेला. कंट्रोलरशिवाय मॅट लावायची नाही, साप भाजतो. म्हणजे मॅट असून नसल्यासारखी. काच गार, झाकणातून होती नव्हती ती ऊब वर पंख्याकडे.

त्या आठवड्यात पहाटे १२ च्या खाली जायला लागलं होतं. बाबा पेपरातलं शिवाजीनगर आणि पाषाणचं तापमान मोठ्याने वाचून दाखवायचे, जसं काही चकली पाषाणला राहते. मग आजीला आठवलं की माळ्यावर गणपतीचं मखर आहे. थर्माकोलचं, २०१८ च्या बंदीच्या आधीचं, टाकवत नाही आणि वापरता येत नाही म्हणून तसंच पडून होतं. ते उतरवून टॅंकच्या तिन्ही बाजूंनी लावलं. समोरून बघितलं तर सोनेरी महिरप, दोन मोर, आणि मधे विराजमान चकली. मी आजीला घाबरत घाबरत विचारलं, चालेल ना गं? तर म्हणाली, त्याच्या पोटाला नागच बांधलेला असतो, त्याला काय व्हायचंय. वर पाणी तापवायला गेली, कारण घरात गरम पाण्याची पिशवी एकच आणि ती आईच्या कंबरेची, ती त्या रात्रीपासून टॅंकखाली गेली. आई काही बोलली नाही. आई तेव्हा काही बोलली नाही हे लक्षात ठेवा.

चकलीने जेवण बंद केलं. उंदीर फ्रोजन येतात, ते वितळवून, जरा कोमट करून चिमट्याने द्यायचे. (ते आमच्या फ्रीजमधे नाहीत, ते एका मैत्रिणीच्या फ्रीजरमधे आइस्क्रीमच्या डब्यात आहेत आणि तिच्या रूममेटने एका रात्री दीड वाजता तो डबा उघडला, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.) मी चिमटा हलवतेय, उंदीर नाचवतेय, ती बघतेय, आणि शांतपणे मान वळवून गुहेत. तीन वेळा झालं. आजी म्हणाली चातुर्मास पाळत असेल. म्हणलं आजी, कार्तिकी होऊन गेली की. मग म्हणाली थंडीने भूक मेलीय तिची, बाळंतिणीला कशी खोली बंद करून शेगडी ठेवतात तसं कर काहीतरी. भावाला फोन केला तर तोही तेच म्हणाला, फक्त त्याने 'थर्मल ग्रेडियंट' असा शब्द वापरला.

शनिवारी मी आणि बाबा बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत. ज्यांनी तापकीर गल्ली बघितली नाही त्यांच्यासाठी, तिथे विजेवर चालणारी किंवा एके काळी चाललेली प्रत्येक वस्तू मिळते, फक्त तुम्हाला तिचं नाव माहिती पाहिजे. मला माहिती नव्हतं. मी दुकानदाराला म्हणलं, तापमान ३२ झालं की बंद होईल आणि खाली आलं की चालू होईल असं काहीतरी द्या. त्याने वर न बघता विचारलं, अंडी किती?

"अंडी नाहीत. साप आहे."

आता तो वर बघेल असं मला वाटलं. नाही. "किती वॅटचा?"

बाबांनी मधे पडून मॅट १४ वॅट, सिरॅमिक बल्ब ६० वॅट असा हिशोब दिला. त्याने इनक्युबेटरचा डिजिटल कंट्रोलर काढून काउंटरवर ठेवला, काळी वायर, टोकाला शेंगदाण्याएवढा सेन्सर, आणि म्हणाला, एकदा वायरिंग केलं की परत घेणार नाही. सापाबद्दल एकही प्रश्न नाही. मला त्या माणसाबद्दल आजही आदर आहे.

बाबा भोसरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत त्यांनी घरातला दुरुस्त करण्यासारखा प्रत्येक नॉर्मल आयटम दुरुस्त करून संपवला होता. त्यामुळे कंट्रोलर हातात आल्यावर त्यांचा चेहरा, काय सांगू, मी नोकरीला लागले तेव्हाही एवढा उजळला नव्हता. चिनीमातीचं होल्डर आणलं कारण प्लास्टिकचं वितळतं. सिरॅमिक बल्ब लावला. आता हा बल्ब उजेड देत नाही, फक्त गरमी देतो, सापाची रात्र बिघडू नये म्हणून, हे मी बाबांना दोनदा सांगितलं होतं. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "अगं हा बल्ब गेलेलाच दिलाय त्याने," आणि त्यानंतर जो आवाज आला तो शब्द मी बाबांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. चार बोटं, बर्नॉल, आणि दुसऱ्या दिवशी बल्बभोवती जाळी हवी यावर घरात पूर्ण एकमत. जाळी म्हणून आईची पीठ चाळायची स्टीलची चाळण गेली. अगदी मापात बसली. आई तेव्हाही काही बोलली नाही.

एवढं झाल्यावर फिश टॅंक शोभेना. सुताराला बोलावलं. तीन बाय दीड बाय दीड, प्लायची पेटी, पुढे सरकत्या काचा, बाजूला हवेची भोकं. त्याने माप घेतलं, भिंतीवर टकटक केली, पूर्व कुठे ते विचारलं. पूर्व कशाला ते मी विचारलं नाही, ही माझी चूक. आठ दिवसांनी पेटी आली ती दोन्ही बाजूंना ॐ आकाराची भोकं पाडून, खाली निरांजन ठेवायला छोटा ड्रॉवर, वरती घंटेचा हूक. देवघर. त्याचा हिरमोड बघवेना म्हणून पूर्ण पैसे दिले. ड्रॉवरमधे आता कंट्रोलर बसतो आणि हूकला आर्द्रतेचा मीटर. फेविकॉल-पॉलिशचा वास जाईपर्यंत पेटी पंधरा दिवस गॅलरीत, तोवर मोर आणि महिरप चालू.

नव्या घरात गेल्यावर तापमान मोजायचा प्रश्न आला. कंट्रोलर एकाच जागेचं सांगतो, बाकी जमीन कुठे किती हे बघायला बंदूक लागते, ती आमच्याकडे कोरोनातली होती, कपाळावर धरायची. तिला ३२ च्या खालचं जग मान्य नाही. थंड बाजू, लो. भिंत, लो. चकली, लो. आजीला गंमत वाटून स्वतःच्या हातावर धरली, लो. आजी दिवसभर अस्वस्थ होती.

कंट्रोलरमधला रिले चालू-बंद होताना टक करतो. बाबांनी अर्ध्या डिग्रीचा फरक सेट केल्यामुळे तो रात्रभर टक, टक, आणि पेटी हॉलमधे, आणि बाबा झोपतात हॉलमधे. सकाळी चहा पिताना सांगायचे, काल ६८ वेळा झालं. कुणी मोजायला सांगितलं होतं? पण त्यांनी वही घातली. गरम बाजू, थंड बाजू, ओल, चकली, शेरा, असे रकाने आखून. 'चकली' या रकान्यात रोज 'बसून आहे' असं लिहिलेलं असायचं.

मग ती रात्र. आम्ही तिघं एका लग्नाच्या रिसेप्शनला, घरी आजी एकटी. आजीचं असं की तिचा आकड्यांवर विश्वास नाही. कंट्रोलर ३२ म्हणो की ५०, ती झोपायच्या आधी येऊन काचेला कोपर लावायची, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात ना तसं. आम्ही हसायचो. त्या दिवशी तिने कोपर लावलं आणि काढून घेतलं आणि मला फोन केला, अगं टकटक ऐकू येत नाहीये आणि तुझ्या चकलीचं घर तव्यासारखं तापलंय. कंट्रोलरवर किती आहे गं? म्हणाली २३. म्हणलं मग कसं शक्य आहे. तर म्हणाली, "यंत्राला विचारू नकोस, मला विचार. बटण कुठलं?"

तिने बटण बंद केलं. आम्ही जेवण अर्धवट सोडून घरी आलो (बासुंदी राहिली, याचा उल्लेख बाबा अजून करतात). झालं होतं असं की सेन्सर बाबांनी इन्सुलेशन टेपने चिकटवला होता, खरंतर पेटीच्या आत टेप लावायचीच नसते, सापाच्या खवल्यांना चिकटली तर कातडी निघते, भाऊ व्हिडिओ कॉलवर ओरडला होता, पण बाबा म्हणाले तात्पुरती आहे. ओलीने ती सुटली, सेन्सर पाण्याच्या भांड्यात पडला, पाणी २३, मग कंट्रोलर बिचारा मॅट आणि बल्ब दोन्ही पेटवून वाट बघत बसला की पाणी ३२ कधी होतंय. मी बंदूक धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने लो सोडून काहीतरी सांगितलं. ४१.६, वर लाल दिवा, टूंटूं आवाज. तिच्या मते पेटीला ताप होता.

चकली कुठे? थंड बाजूच्या टोकाला, काचेला नाक लावून, जेवढं लांब जाता येईल तेवढं. म्हणजे पहिल्यांदाच जवळजवळ सरळ झालेली. तिला हळूच उचलून घेतलं, ठीक होती. मला मात्र खुर्चीत बसावं लागलं. बाबा बराच वेळ सेन्सरकडे बघत होते, मग काही न बोलता टेप कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी सेन्सर क्लिपमधे स्क्रूने पक्का, आणि बल्बला दुसरा, वेगळा कंट्रोलर. तापकीर गल्लीतला तोच माणूस म्हणाला, दुसरा साप का?

डिसेंबरच्या शेवटी एका रात्री, लाइट बंद करून, कोमट उंदीर चिमट्याने पुढे केला. ती गरम बाजूच्या गुहेतून अर्धं डोकं काढून बघत होती. मी हात दुखेपर्यंत तसाच धरून. आणि मग फटकन, एवढं फटकन की चिमटाच हातातून गेला, तीन वेटोळी त्या उंदराभोवती, चकलीच्या आत चकली. मागे अंधारात तिघंजण श्वास रोखून उभे होते ते मला तेव्हा कळलं. आजी म्हणाली, आता दोन दिवस तिला हात लावू नका, अंग जड झालं असेल. बरोबरच होतं, जेवल्यावर उचलायचं नसतंच.

सकाळी बाबांच्या आधी मी उठले. वही उघडी होती. गरम बाजू ३२. थंड बाजू २६. ओल ६०. चकली, जेवली. पुढे शेऱ्यात आईचं अक्षर: किचन १७. पीठ न चाळता मळलंय. माझी पिशवी आज रात्री परत पाहिजे.