दार आपोआप लागतं का?

वर्षातून एकदा लंडनमधल्या आमच्या इमारतीत कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, माणूस येतो. घरात डोकावत नाही. बाहेरचं दार पूर्ण उघडा आणि हात सोडा, एवढंच सांगतो. दार स्वतःहून फिरत येऊन खटक्यासह बंद झालं पाहिजे. मग चौकटीत बसवलेली, धूर अडवणारी पट्टी बोटानं चाचपतो, टॅबवर खूण करतो आणि शेजारच्या घराकडे वळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा रिकामा उद्योग वाटला होता.

या दोन मिनिटांच्या कामामागे 72 माणसांचे जीव आहेत. 14 जून 2017 च्या रात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रीज पेटला. 24 मजल्यांची इमारत, मालकी केन्सिंग्टन आणि चेल्सी कौन्सिलची, कारभार वेगळ्या संस्थेकडे, आणि खाली उतरायला जिना एकच. नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या पत्र्यांच्या गाभ्यात ज्वलनशील प्लास्टिक होतं, त्यावरून आग वर चढली. आतमध्ये किती तरी घरांची दारं आपोआप बंद होत नव्हती, म्हणून धूर मजल्यामजल्यावर पसरला. घरातच थांबा, हा अग्निशमन दलाचा सल्ला बराच वेळ बदलला नाही. तिथल्या रहिवाशांनी आधीच लिहून ठेवलं होतं की इथं मोठा अपघात झाल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. त्याआधी 2009 मध्ये लाकानल हाऊस या दुसऱ्या एका कौन्सिलच्या इमारतीत 6 जण गेले होते. म्हणून ‘लंडनमध्ये बघा कसं असतं’ असं मी कोल्हापुरात कुणाला सांगणार नाही. दारं तपासायचा नियम इथं 2023 साली लागू झाला: 11 मीटरपेक्षा उंच इमारतींत घरांची दारं वर्षातून एकदा, सामाईक दारं दर तीन महिन्यांनी.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून. 8 ऑगस्ट 2024, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी उभं केलेलं थिएटर, मालकी महापालिकेची. मी फोनवर ज्वाळा बघत रडले. त्यानंतर घरी रोज एकच वाद ऐकला: शॉर्टसर्किट होतं की आणखी काही, आणि दोषी कोण. तो वाद व्हायलाच हवा. पण ज्या सार्वजनिक मालकीच्या इमारतींत माणसं रात्री झोपतात, त्यांचं काय, हे कुणी विचारताना ऐकलं नाही.

माझी आत्या अशाच एका तीन मजली इमारतीत राहते. कुठल्या खात्याची ते लिहीत नाही. जिना एक, जिन्याखाली मीटरची पेटी, पेटीला टेकून दुचाक्या, त्यातली एक स्कूटर वरून सोडलेल्या वायरवर रात्रभर चार्ज होते. मी आतेभावाला म्हटलं, एवढ्या गाड्या तरी हलवा. तो म्हणाला, “अक्का, जिन्यात गाड्या लावायच्या न्हाईत तर मग पुरात लावू काय?”

त्याचं खरं होतं. 2019 ला पाणी आलं, 2021 ला पुन्हा आलं. तळमजल्यावरच्या लोकांनी सामान जिन्यात चढवलं, त्यातलं काही तिथंच राहिलं. मीटरची पेटी पाण्यात बुडून वर आली, पुसली, चालू झाली. ‘लोकांना शिस्त नाही’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो इथं. भाडेकरूला मीटरची पेटी वरच्या मजल्यावर नेता येत नाही, वायरिंग बदलता येत नाही, गाड्यांना शेड बांधता येत नाही. हे सगळं मालकाच्या हातात असतं.

इथं लंडनमध्येही लोक व्हरांड्यात बाबागाड्या आणि चपलांची कपाटं ठेवतात. काही कौन्सिल पायपुसणंसुद्धा ठेवू देत नाहीत, काही थोडी सूट देतात. माझी दाराबाहेरची तुळस मला आत घ्यावी लागली, वाईट वाटलं, पण नोटीस आली होती, कारण लिहिलेलं होतं आणि खाली अधिकाऱ्याचं नाव होतं. शेजारच्या आजींनी दार जड जातं म्हणून वरचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावणारा दांडा, काढून ठेवला होता. तपासणाऱ्यानं त्यांना दटावलं नाही, पुढच्या आठवड्यात हलका क्लोजर बसवून दिला. मला कोल्हापुरात हवं आहे ते हे: नाव असलेला एक माणूस, ज्याला मीटरची पेटी दाखवता येते आणि ज्याला उत्तर द्यावं लागतं.

महाराष्ट्रात कायदा नाही असं नाही. 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारीत आणि जुलैत, साधनं चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन दलाला द्यायचा असतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला मात्र तो कधी दिसत नाही. सार्वजनिक मालकीच्या प्रत्येक घरकुलात तो जिन्याच्या तोंडाशी चिकटवावा, तारखेसह. आत्याची इमारत बुटकी आहे, तिला हा कायदा लागतो की नाही यावर वकिलांनी भांडावं. मालक तिलाही आहे.

एक गोष्ट मात्र लंडनमध्ये नाही ती कोल्हापुरात आहे. सहाव्या मजल्यावर कोण चालू शकत नाही हे आमच्या इमारतीत कौन्सिलच्या यादीवरून कळतं. आत्याच्या इमारतीत ते समोरच्या तालमीतल्या पोरांना पाठ आहे. पुरात त्यांनीच तिला खुर्चीसकट उचलून खाली आणलं होतं. मदतीला धावणाऱ्या त्या पोरांना धुरात जिना तरी मोकळा मिळावा.

गेल्या रविवारी आतेभावानं फोटो पाठवला. गाड्या तिथंच आहेत. मीटरच्या पेटीवर त्यानं खडूनं लिहिलंय: ‘जुलै 2021 ला पुरात भिजली. बदललेली नाही.’ त्याखाली खात्याकडे अर्ज दिल्याची तारीख आहे, आणि उत्तरासाठी जागा सोडलेली आहे.