‘भूगोल’ या शब्दाचा पुरावा कुठवर पुरतो?

‘विषयाचे नावच भूगोल आहे, म्हणजे पृथ्वी गोल असल्याचे आपल्या ऋषींना वेदकाळापासून ठाऊक होते. वराहाच्या सुळ्यावरही गोलच आहे. युरोपला मात्र कोलंबसापर्यंत ती सपाट वाटत होती,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरून येतो.

प्रथम शब्दाविषयी. ‘भूगोल’ हा शब्द वैदिक संहितांतला नाही. तो भेटतो इ.स. 499 च्या ‘आर्यभटीया’त: ‘भूगोलः सर्वतो वृत्तः’. कदंबाचा गेंद जसा सर्व बाजूंनी फुलांनी भरलेला असतो, तसा हा गोल सर्व बाजूंनी प्राण्यांनी भरलेला आहे, असे आर्यभट पुढच्याच श्लोकात सांगतो. ऋग्वेदातले चित्र निराळे आहे. दहाव्या मंडलाच्या 89 व्या सूक्तात, आसाच्या दोन टोकांना जशी दोन चाके एकमेकांपासून दूर राहतात, तशी इंद्राने पृथ्वी आणि आकाश यांना दूर सारून सावरून धरले, असे म्हटले आहे. चाक गोल असते हे खरे, पण ते चेंडूसारखे नसते. मराठीत भाकरीही गोल आणि लाडूही गोल. निम्मा घोटाळा तिथेच आहे.

पुराणांनी तर ही भाकरी अवाढव्य केली. विष्णुपुराणात लाख योजने रुंद जंबुद्वीप, त्याच्या मधोमध 84,000 योजने उंच मेरू आणि भोवती कड्यांप्रमाणे एकाबाहेर एक द्वीपे व समुद्र आहेत: खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटी गोड्या पाण्याचा. हे वर्णन भव्य आहे, पण ते गोलाचे नव्हे.

वराहाचा मुद्दा डोळ्यांनीच तपासता येतो. विदिशेजवळच्या उदयगिरीत, बदामीला आणि आपल्या वेरूळला वराह जिला उचलतो ती पृथ्वी स्त्रीरूपात कोरलेली आहे. देश रेखाटलेला निळा गोल हा छापील कॅलेंडरांच्या काळातला.

कोलंबसाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. चंद्रग्रहणात पडणाऱ्या पृथ्वीच्या वर्तुळाकार सावलीचा दाखला अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच दिला होता आणि पुढच्या शतकात एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघही काढला होता. कोलंबसाचे विद्वानांशी भांडण पृथ्वीच्या आकारमानावरून होते, आणि त्यात चूक त्याचीच होती.

या मजकुराचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. पृथ्वी गोल आहे हे ज्योतिषांना, म्हणजे त्या काळच्या खगोलशास्त्रज्ञांना, वारशात आयते मिळाले नव्हते. पुराणांतील सपाट पृथ्वीशी वाद घालून त्यांना ते सिद्ध करावे लागले. सन 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्य विचारतात की, पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर तिच्यावर फिरणारा सूर्य कितीही दूर गेला तरी, मेरूवरच्या देवांना दिसतो तसा, माणसांना का दिसत नाही? पृथ्वीला कोणी आधार दिला आहे म्हणावे, तर त्या आधाराला दुसरा, त्याला तिसरा, असे किती मानायचे? आणि मग ती सपाट का भासते? तर परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, पृथ्वी प्रचंड आहे आणि तिच्यावरचा माणूस अगदी लहान. ‘ऋषींना सगळे आधीच ठाऊक होते’ असे म्हटले की हा सगळा युक्तिवाद अनावश्यक ठरतो, आणि तो करणारा माणूसही.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, तेराव्या शतकाच्या आरंभीच्या मराठीत, त्या मठाच्या खर्चाची तरतूद नोंदवली आहे: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावरचे राजाचे येणे मठाला द्यावे.