लाउरा डालमायर: अर्धवट नव्हे, पूर्ण कारकीर्द

जर्मन बायथलॉनपटू लाउरा डालमायरचं नाव निघालं की हळहळ ठरलेली. "पंचविशीतच खेळ सोडला हो, अजून पाच-सहा वर्षं सहज खेळली असती." २०२५च्या जुलैमध्ये पाकिस्तानातल्या काराकोरम पर्वतात तिचा मृत्यू झाला आणि त्यात भर पडली, "खेळत राहिली असती तर आज असती." या दोन्ही वाक्यांचा मला मनापासून राग येतो.

ती काय खेळायची ते आधी सांगते. बायथलॉनमध्ये पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन बर्फातले चढ-उतार स्कीवर कापायचे आणि छाती धपापत असतानाच रेंजवर येऊन ५० मीटरवरच्या पाच काळ्या चकत्या टिपायच्या. उभ्याने मारायची चकती ११५ मिलिमीटरची, झोपून मारायची फक्त ४५ मिलिमीटरची. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत दोनदा नेमबाजी, एकदा झोपून आणि एकदा उभ्याने, आणि एक नेम चुकला की १५० मीटरचा जादा फेरा. त्यामुळे नुसतं जोरात पळून भागत नाही. रेंजच्या आधी वेग किती कमी करायचा, श्वास कुठे रोखायचा, वारा पडेपर्यंत थांबायचं की घोडा दाबून मोकळं व्हायचं, हे सगळं काही सेकंदांत ठरवायचं.

२०१८च्या फ्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमधली तिची स्प्रिंट शोधून बघाच. रात्रीची शर्यत, कडाक्याची थंडी, त्यात वारा. भल्याभल्यांचे नेम चुकत होते आणि हिच्या दहाच्या दहा चकत्या पडल्या. दोन दिवसांनी परस्यूटही, म्हणजे स्प्रिंटमधल्या वेळेच्या फरकाने सुटायची पाठलागाची शर्यतही, जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही सुवर्णं घेणारी ती पहिली महिला, वय २४. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रियातल्या होखफिल्त्सनच्या जागतिक स्पर्धेत सहा शर्यती, सहा पदकं, त्यातली पाच सुवर्ण! वर्ल्डकपची, म्हणजे मोसमभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेची, एकूण ट्रॉफीही त्याच मोसमात.

ऑलिंपिकनंतरचा हिवाळा आजारपणात गेला, तरी २०१९ला स्वीडनमधल्या ओस्टरसुंडच्या जागतिक स्पर्धेत दोन कांस्यं मिळवलीच. मे महिन्यात तिने जाहीर केलं की व्यावसायिक खेळाला लागते ती शंभर टक्के ओढ आता वाटत नाही. बस. जागतिक स्पर्धांमधली सात सुवर्णं, ऑलिंपिकची दोन. यात अर्धवट काय राहिलं? तिच्याच भागातल्या बायथलॉनपटू माग्डालेना नॉयनरनेही २०१२मध्ये पंचविशीतच रायफल खाली ठेवली होती.

लाउरा जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनची, आल्प्सच्या पायथ्याशी वाढलेली. डोंगर हा तिचा निवृत्तीनंतरचा विरंगुळा नव्हता, तो आधीपासून होताच. क्रीडाशास्त्र शिकली, रीतसर परीक्षा देऊन माउंटन गाइड झाली, डोंगरातल्या बचावपथकात काम केलं, टीव्हीवर बायथलॉनचं विश्लेषणही करायची. २०२५च्या २८ जुलैला काराकोरममधल्या लैला शिखरावर, साधारण ५,७०० मीटरवर, कोसळत्या दगडांच्या तडाख्यात ती सापडली. सोबतच्या गिर्यारोहक मैत्रिणीने मदत मागवली. हेलिकॉप्टरमधून पाहिलं तेव्हा तिची काहीच हालचाल दिसली नाही.

तिने आधीच लिहून ठेवलं होतं की माझा मृतदेह आणायला कुणी जीव धोक्यात घालू नये. काहींना हे कोरडं, विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. दरडी कोसळणाऱ्या उतारावरून एक देह खाली आणायला किती जणांचे जीव पणाला लागतात, हे बचावपथकात काम केलेल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. खेळ कधी सोडायचा हेही तिला तसंच माहीत होतं.