लेबल तेच, मालक भलताच

झालं, आमच्या कोपऱ्यावरची बीअर बनवणारी छोटी ब्रूअरीही गेली! बंद नाही पडली, विकली गेली. मालक म्हणे, "काहीही बदलणार नाही." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

शिकागोत राहतो मी. इथल्या गूस आयलंडने २०११मध्ये हेच केलं, ३.८८ कोटी डॉलरला आन्हायझर-बुश या बड्या बीअर कंपनीच्या पदरात पडली. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर तर १८९६ची. २०१७मध्ये सापोरो या जपानी बीअर कंपनीने घेतली, २०२३मध्ये टाळं.

पण सगळ्यात डोक्यात जातं ते सिॲटलच्या एलिसियनचं प्रकरण. जानेवारी २०१५मध्ये आन्हायझर-बुशने ती घेत असल्याचं जाहीर केलं आणि दहा दिवसांच्या आत सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) जाहिरातीत भोपळा-पीच एल, म्हणजे तसल्या चवीची बीअर, पिणाऱ्यांची टिंगल! अरे बाबांनो, तसली एल एलिसियननेच काढली होती की! सून घरात आणायची आणि तिच्याच माहेरच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, वर गावभर स्पीकर लावून.

मालकाला पैसे मिळाले याचं दुःख नाही. पंधरा वर्षं माल्टची पोती उचलून कंबर गेली असेल बिचाऱ्याची, विकू दे. पण मग डब्यावर नव्या धन्याचं नाव ठळक छापा ना! तिथे अजून आमच्याच गल्लीचं चित्र.

काल दुकानात चष्मा कपाळावर चढवून आठ डबे उलटेपालटे केले, स्वतंत्र ब्रूअऱ्यांचा तो उलट्या बाटलीचा शिक्का शोधत. बायको म्हणाली, "औषधाची एक्स्पायरी बघतोयस का?"