सापडला तर थर्मोस्टॅट

हीटर गार वारा सोडतोय, तापमानाचा काटा मध्यावर चढायचं नाव घेत नाही आणि गाडी पेट्रोल मात्र जास्त पितेय, हे एवढं कळल्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप, गेला हे सांगायला धन्वंतरी लागत नाही. तो उघडाच अडकला की इंजिन गार असतानाही कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) रेडिएटरच्या फेऱ्या मारत बसतं, मग इंजिन तापणार कधी? बंद अडकला तर उलटं: काटा लाल पट्ट्यात आणि बॉनेटखालून वाफ. माझं दुखणं त्यातल्या त्यात सौम्य, म्हणून म्हटलं घरीच करू.

निदान सोपं. पत्ता अवघड.

गाडीसोबतच्या पुस्तकात फोन ब्लूटूथला कसा जोडावा यावर पानंच्या पानं. थर्मोस्टॅटबद्दल एकच ओळ: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. बॉनेट उघडल्याचा आवाज ऐकून शेजारचे काका आलेच. "रेडिएटरचा वरचा होज धरा, तो इंजिनाला जिथं भिडतो तिथं थर्मोस्टॅट. जगातल्या सगळ्या गाड्यांत!" होज, म्हणजे ती रबरी नळी, धरून गेलो. टोकाला नुसतीच आणखी एक नळी. मेहुण्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "अरे, हल्ली बऱ्याच गाड्यांत खालच्या होजकडे असतो." काकांनी 'हल्ली' या शब्दावरच नाक मुरडलं. "सापडत नसेल तर काढूनच टाका, काही अडत नाही." न सापडलेली वस्तू काढायची कशी, हे विचारायचं मी टाळलं.

होता तो खालीच, बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरच्या मागे. तिथं हात गेला तर डोळे जात नाहीत, डोळे गेले तर हात जात नाही, आणि दोन्ही गेलेच तर पान्याला जागा उरत नाही.

इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नसतो. आत दाब असतो, त्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या वरही न उकळता दबा धरून बसतं आणि झाकण फिरवताच तोंडावर येतं. काका मात्र चार पावलं मागं सरकून "उघडा हो, काही होत नाही" म्हणत होते. थांबलो. मग खालचा होज सोडला, तर निम्मं कूलंट बादलीत आणि निम्मं माझ्या बाहीत. चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष, त्यामुळे उत्सुक कुत्र्याला आधी घरात कोंडलं.

बोल्ट दोन. एक मुकाट निघाला. दुसरा गंजून ॲल्युमिनियमशी एकजीव झालेला. जोर लावावा तर डोकं तुटून दांडा आतच राहायची भीती. गंजावरचं तेल सोडत, थोडा सैल, परत थोडा घट्ट, असं त्याचं मन वळवत बसलो.

आणि अखेर दर्शन झालं. मूठभर धातू: एक चकती, एक स्प्रिंग, मधोमध पितळी डबी, कडेवर कोरलेलं ८८. त्या डबीत मेण असतं. ते तापून वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. वायर नाही, बॅटरी नाही. सीटबेल्ट विसरलो तर किंचाळायला या गाडीत संगणक आहे, पण इंजिनाचा ताप सांभाळायला चिमूटभर मेण!

जुना आणि नवा, दोघांनाही दोऱ्याला टांगून गरम पाण्यात सोडलं, सोबत थर्मामीटर. नव्यानं ८८ अंशांच्या आसपास सावकाश तोंड उघडलं. जुना आधीपासूनच आ वासून होता. बायकोनं पातेल्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे आता तुझं."

स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवा सुटायचं बारीक भोक वर. हे बसवणं पाच मिनिटांचं. जुनं गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून मध्ये बसवलेलं पातळ अस्तर) खरवडण्यात मात्र दुपार गेली, कारण पृष्ठभागावर ओरखडा उठला की तिथूनच गळणार.

शेवटी कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवलं, हीटर पूर्ण सोडला आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडायची वाट बघत बसलो. थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरचा होज एकदम तापतो. काकांचा विश्वास अजूनही वरच्या होजवरच. खात्री करायला त्यांनी तो चांगला मुठीत धरला.

थर्मोस्टॅट उघडला, हे सगळ्या शेजाऱ्यांना एकाच वेळी कळलं.