निळे पाकीट आणि रावागेदेचे देणे

द हेगमधील माझ्या घरी दरवर्षी वसंतात करखात्याचे निळे पाकीट दाराच्या फटीतून आत पडते. यंदा ते हातात असतानाच आमच्या आजोळच्या व्हॉट्सअॅप गटात जुना वाद पेटला होता: जालियनवाला बागेबद्दल ब्रिटनने माफी मागावी का? २०१९ मध्ये, त्या हत्याकांडाच्या शताब्दीला, पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला होता, माफी मात्र मागितली नव्हती. उदगीरच्या मामांचे म्हणणे असे की गोळ्या झाडणारे गेले आणि हुकूम देणारेही गेले, मग माफी कोणी आणि कोणाच्या वतीने मागायची? मामेभावाच्या मते माणसे मरतात, राज्य मरत नाही.

इथे नेदरलँड्समध्ये हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. ९ डिसेंबर १९४७ रोजी डच सैनिकांनी इंडोनेशियातील पश्चिम जावामधल्या रावागेदे गावच्या पुरुषांना गोळ्या घातल्या. मृतांचा आकडा डच बाजूने सुमारे १५०, तर इंडोनेशियन बाजूने ४३१ सांगितला जातो. त्यांच्या विधवांनी दावा लावला तेव्हा मुदत केव्हाच संपली, असा बचाव सरकारने केला, आणि १४ सप्टेंबर २०११ रोजी द हेगच्या न्यायालयाने तो विधवांपुरता फेटाळला. पुढे प्रत्येकीला २०,००० युरो मिळाले. मी तेव्हा इथेच नोकरी करत होतो, म्हणजे संसदेसाठी मत देण्याचा हक्क नसलेल्या माझ्या पगारातूनही त्यातली चिमूटभर रक्कम गेली असणार.

अठराव्या शतकात स्विस कायदेपंडित व्हात्तेलने लिहिले की ठेंगू माणूस धिप्पाड माणसाइतकाच माणूस असतो, तसे लहानसे प्रजासत्ताकही बलाढ्य राज्याइतकेच सार्वभौम असते. देशाचे नाक कापले गेले, असे आपण म्हणतो तेव्हा राज्याला असेच माणूस मानत असतो. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स बाइट्झ यांनी १९७९ मध्ये या तुलनेवर घाव घातला: स्वायत्ततेचा मूळ हक्क माणसांचा आहे, आणि राज्याला तो मिळतो तो त्याच्या संस्था न्याय्य असतील त्या प्रमाणातच. मला हे पटते, पण अर्धेच. राज्याला मन नसेल, पण दप्तर असते, आणि त्या दप्तरातील करार, सरहद्दी व कर्जे पिढ्यान् पिढ्या पुढे चालतात. १९४९ मध्ये याच शहरात भरलेल्या गोलमेज परिषदेत स्वतंत्र होऊ घातलेल्या इंडोनेशियाच्या माथी वसाहत सरकारचे सुमारे ४३० कोटी गिल्डरचे कर्ज मारण्यात आले. पैशाचे देणे अशा रीतीने नव्या राज्यावरसुद्धा चढवता येते. मग रक्ताचे देणे जुन्याच राज्याच्या बाबतीत मुदतबाह्य कसे ठरते? मानाचा वारसा मिरवणाऱ्याला देण्याचा वारसा नाकारता येत नाही, या मुद्द्यावर मी मामेभावाच्या बाजूचा आहे.

मात्र त्याने हाच न्याय घराजवळही लावावा, म्हणून मी गटात सुंदरलाल समितीचा विषय काढला. १७ सप्टेंबरला आम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो आणि तो करावाच; रझाकारांचे अत्याचार आमच्या आजीच्या पिढीने भोगले आहेत. पण १९४८ च्या पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर हैदराबाद संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरू सरकारनेच पाठवलेल्या या समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला, उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नोंदवले, आणि काही ठिकाणी जवान व पोलीसही लुटीत सामील होते, असेही लिहिले. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. जे राज्य आपल्या नावाने जयंत्या आणि विजयदिन साजरे करते, त्याने हे पानही आपल्याच दप्तरातले आहे, एवढे तरी मान्य करावे, असे मला वाटते.

गट बराच वेळ शांत होता. मामेभावाने काही लिहिले नाही. शेवटी मामांचा संदेश आला, "अरे, तेव्हा तुझा जन्मही नव्हता." रावागेदेच्या वेळीही नव्हता, एवढेच मी कळवले आणि पाकीट उघडून कर भरायला बसलो.